रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

जनगणनेच्या कामावर नेमलेल्या शिक्षकाला प्रशिक्षणात एक गोष्ट बजावून सांगितली जाते. दाराला कुलूप दिसले, म्हणून त्या घरात कोणी राहत नाही असे लिहून मोकळे व्हावयाचे नाही. शेजाऱ्यांकडे चौकशी करावयाची, दुसऱ्या वेळी पुन्हा फेरी मारावयाची आणि मगच शेरा लिहावयाचा. घर ‘रिकामे’ असणे ही एक गोष्ट आणि ‘कुलूपबंद’ असणे ही दुसरी. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजार ९६२ भरली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील चाळींचे जिने चढणाऱ्या असंख्य शिक्षकांनी व कारकुनांनी हा भेद पाळला, म्हणूनच त्या आकड्याला काही अर्थ आहे.

याच जिल्ह्यात माणसांखेरीज इतरही जीव राहतात. बोरिवलीच्या डोंगरात बिबटे आहेत, आरेच्या माळावर विंचू आणि कोळी आहेत, ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या मोजदादीत मात्र कुलूपबंद आणि रिकामे यांतील भेद पाळला जातो, असे म्हणता येणार नाही. जेथे कोणी पाहिलेच नाही, तेथे काहीही नाही असे गृहीत धरण्याची सवय आपल्या नियोजनाला लागली आहे. जमिनीचे निर्णय कागदी नकाशांवर होत होते तोवर या सवयीचे परिणाम काही प्रमाणात झाकले जात. आता संवर्धनाचे नियोजन संगणक-प्रणालींच्या साह्याने करण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे, आणि आपल्याकडेही ती आली आहे. अशा वेळी यंत्राला पुरविण्यात येणारी आधारसामग्री कशी तयार होते, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्रज्ञांचा राहत नाही. तो सार्वजनिक हिशेबाचा प्रश्न ठरतो.

यंत्र काय करते?

या प्रणालींपैकी बहुधा सर्वाधिक प्रसिद्ध असलेलीचे नाव ‘मार्क्सन’ असे आहे. नावावरून कार्ल मार्क्सची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी तिचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातील इयान बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम या अभ्यासकांनी ती सिद्ध केली. हेलसिंकी विद्यापीठात विकसित झालेली ‘झोनेशन’ ही त्याच क्षेत्रातील दुसरी प्रणाली. दोहोंच्या पद्धतीत फरक असला, तरी त्यांना लागणारी सामग्री बरीचशी सारखी आहे.

‘मार्क्सन’चे काम समजावून घेण्यास गणिताच्या फार मोठ्या ज्ञानाची आवश्यकता नाही. प्रथम प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडावयाचे. पहिल्या तक्त्यात प्रत्येक चौकोन राखून ठेवण्यास किती खर्च येईल ते लिहावयाचे. दुसऱ्या तक्त्यात प्रजातींची व अधिवासांची यादी देऊन प्रत्येकाचा किती हिस्सा सुरक्षित राहावा, ते लक्ष्य ठरवावयाचे. तिसऱ्या तक्त्यात कोणत्या चौकोनात कोणती प्रजाती किती प्रमाणात आढळते, याच्या नोंदी भरावयाच्या. मग यंत्र चौकोनांच्या असंख्य जुळण्या करून पाहते आणि सर्व लक्ष्ये शक्य तितक्या कमी खर्चात पुरी होतील असे संच सुचविते. राखीव चौकोन विखुरलेले न राहता सलग राहावेत, म्हणून सीमेच्या लांबीवरही एक प्रकारचा दंड बसविता येतो. साधने मर्यादित आणि उद्दिष्टे अनेक, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या ओळखीचा प्रश्नच येथे जंगलाच्या वेषात उभा आहे.

ही कल्पना निरर्थक नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळक्षेत्रात मासेमारीस पूर्ण मज्जाव असलेला भाग पूर्वी पाच टक्क्यांहूनही कमी होता. २००४ साली तो सुमारे ३३ टक्क्यांवर नेण्यात आला. त्या आखणीत या जातीच्या गणिताचे साह्य घेण्यात आले होते. मनमानीने किंवा दबावाने सीमा ठरविण्यापेक्षा, लक्ष्ये उघड लिहून त्यांवरून सीमा काढणे केव्हाही अधिक प्रामाणिक.

परंतु या पद्धतीत एक बारीकशी गोष्ट आहे आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तिसऱ्या तक्त्यात ज्या चौकोनासमोर एखाद्या प्रजातीची नोंद नाही, तेथे ती प्रजाती शून्य आहे असे यंत्र समजते. नोंद का नाही, हे ते विचारीत नाही. तेथे जाऊन दहा रात्री जागून कोणी शोध घेतला आणि काही आढळले नाही, की तिकडे आजवर कोणी फिरकलेच नाही, या दोन स्थितींत त्याच्या लेखी काही अंतर नाही. कुलूपबंद घर आणि रिकामे घर एकाच शेऱ्याखाली येते.

नावे, गावे आणि रविवारची सकाळ

या तिसऱ्या तक्त्याची तयारी हे बाहेरून कारकुनी वाटणारे काम आहे. वस्तुतः निम्मा निर्णय तेथेच होतो. पहिली अडचण नावांची. मुंबईच्या वडा-पिंपळांवर ठोके घातल्यासारखा आवाज करणारा तांबट पक्षी जुन्या शास्त्रीय याद्यांत ‘मेगॅलायमा’ या प्रजातिसमूहात होता, नव्या याद्यांत तो ‘सायलोपोगॉन’मध्ये गेला आहे. दोन काळांतील याद्या जशाच्या तशा एकत्र केल्या, तर यंत्र एका पक्ष्याचे दोन पक्षी करील आणि दोघांसाठी वेगवेगळी जागा राखू पाहील. उलट, पूर्वी एक समजली गेलेली प्रजाती पुढे दोन ठरली असेल, तर जुन्या नोंदीतील जीव नेमका कोणता, हे केवळ नावावरून कळणार नाही.

दुसरी अडचण स्थळांची. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांचे संग्रह हा आपला मोठा ठेवा होय. तथापि जुन्या संग्रहातील नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळ म्हणून पुष्कळदा केवळ गावाचे नाव असते. ‘अंधेरी’ एवढेच लिहिलेले असेल, तर भातखाचरांच्या आणि तळ्यांच्या त्या जुन्या अंधेरीतील नेमकी कोणती जागा, हे आज कोण सांगणार? ती नोंद आजच्या नकाशावर रेल्वे स्थानकाच्या बिंदूवर टेकविली, तर बेडकाचा अधिवास फलाटावर दिसू लागेल. नव्या नोंदींना अक्षांश-रेखांश असतात हे खरे; परंतु तेथेही भरवसा नाही. अंशाचे दशांश दोन स्थळांपर्यंतच लिहिले, तर एक किलोमीटरची चूक सहज संभवते, आणि बोरिवलीत एक किलोमीटर म्हणजे साधारण रेल्वे स्थानक आणि उद्यानाचे प्रवेशद्वार यांतील अंतर. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर आणि ७२ रेखांशाच्या थोडी पुढे आहे. भरणाऱ्याने दोन आकड्यांची अदलाबदल केली, की बोरिवलीचा बिबट्या नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडतो. अशी ढोबळ चूक निदान चटकन दिसते. अर्ध्या किलोमीटरची चूक दिसत नाही, आणि तीच अधिक घातक असते.

तिसरी अडचण पाहणाऱ्याची. हौशी निरीक्षकांनी गेल्या काही वर्षांत केलेल्या नोंदींमुळे माहितीत मोलाची भर पडली आहे, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण नोकरदार माणूस निरीक्षणाला जातो तो बहुधा रविवारी सकाळी, आणि जेथे वाट बरी आहे तेथे. परिणामी कान्हेरीच्या रस्त्याच्या दुतर्फा नोंदींची दाटी होते, आणि पलीकडचा चढ कोराच राहतो. या नोंदी जशाच्या तशा तक्त्यात गेल्या, तर प्राण्यांना डांबरी रस्ता विशेष प्रिय आहे असा निष्कर्ष निघावा! त्या नकाशात प्राण्यांइतकीच माणसांची ये-जा उमटलेली असते.

जोगेश्वरीची विहीर

न पाहिलेल्या जागेत काय असू शकते, याचे एक उदाहरण उपनगराच्या ऐन मध्यभागी आहे. जोगेश्वरीत अंध मुलींच्या शाळेच्या आवारातील एका जुन्या विहिरीत इलसारखा दिसणारा एक मासा सापडला. त्याला डोळे नाहीत, पर नाहीत, खवले नाहीत. जमिनीखालच्या पाण्यात राहणारा हा जीव आहे. तेजस ठाकरे आणि त्यांचे सहकारी संशोधक यांनी २०२१ साली ‘रक्तामिक्थिस मुंबा’ या नावाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. विज्ञानाला तोवर ती प्रजाती अज्ञात होती. त्याआधी कोणी या भागाचा तक्ता भरावयास बसले असते, तर त्या चौकोनापुढे काय लिहिले असते? दाट वस्ती, अधिवास नाही, महत्त्व शून्य.

आरेची गोष्टही यापेक्षा फार निराळी नाही. १९४९ साली दुग्ध वसाहत म्हणून वसविलेल्या या सुमारे १,३०० हेक्टरांच्या प्रदेशाची सरकारी ओळख गोठे आणि कुरणे अशी होती. त्याच प्रदेशाच्या नावाने २०१० साली ‘लायकस आरेएन्सिस’ ही विंचवाची नवी प्रजाती जगापुढे आली. माळरान हे तर आपल्या महसुली भाषेत वर्षानुवर्षे ‘पडीक’ म्हणूनच ओळखले गेले. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यान्वये शहरांतील वृक्षांची गणना होते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु झाडे मोजणाऱ्याच्या तक्त्यात गवताला स्थान नसते, आणि गवतातील विंचवाला तर नसतेच. जे मोजण्याचे ठरविले तेच मोजले जाते. बाकीचे आपोआप शून्य होते.

आकड्यामागचे श्रम

काळजीपूर्वक केलेली मोजणी कशी असते, हे दाखविणारे उदाहरणही याच उपनगरात आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व लगतच्या भागात स्वयंचलित कॅमेरे लावून बिबट्यांची गणना करण्यात येते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना निराळी असते, आणि डाव्या कुशीवरची उजवीवरच्यापेक्षा निराळी. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. या पद्धतीने २०१५ च्या गणनेत ३५, २०१८ मध्ये ४७ आणि २०२४ मध्ये ५४ बिबटे ओळखता आले. हे आकडे वाचून बिबटे वाढले, असा मथळा देणे सोपे आहे. परंतु प्रत्येक वेळी किती क्षेत्र व्यापले, किती कॅमेरे लावले आणि किती रात्री, हे पाहिल्याविना तीन आकड्यांची तुलना करणे म्हणजे पायाभूत वर्ष न सांगता महागाईचा निर्देशांक सांगण्यासारखे होय. या गणनेत श्रमांची नोंद असते, हेच तिचे खरे मूल्य.

चुकीच्या माहितीची किंमत या शहराने मोजलेली आहे. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बव्हंशी डोंगराच्या पायथ्याशी राहणारी गरीब माणसे होती. त्या वेळी पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडला की प्रश्न सुटतो, अशी समजूत होती. जुन्नर भागातील अशा स्थलांतरांचा विद्या अत्रेय यांनी केलेला अभ्यास नेमके उलटे सांगतो. परक्या मुलखात सोडलेल्या बिबट्यांमुळे हल्ले घटण्याऐवजी वाढले. पुढे उद्यानातील बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासातून, त्यांच्या खाद्याचा सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांचा असतो हेही स्पष्ट झाले. म्हणजे बिबट्याचा अधिवास उद्यानाच्या भिंतीपाशी संपत नाही. तो वस्तीतील कचऱ्याच्या ढिगापर्यंत पोहोचतो. नकाशावर अधिवासाची रेषा भिंतीवरून ओढणारा कारकून केवळ रेघ ओढीत नसतो. संध्याकाळी पाड्यावर परतणाऱ्या मुलाला धोका कोठे आहे, हेही तो ठरवीत असतो. वाघोबाला पूजणाऱ्या वारल्यांना आणि इतर आदिवासींना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांच्या या ज्ञानासाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

खर्चाचा रकाना

येथवर तिसऱ्या तक्त्याचा विचार झाला. पहिल्या, म्हणजे खर्चाच्या तक्त्याकडेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे. चौकोन राखण्याचा खर्च म्हणून बहुधा जमिनीची किंमत घातली जाते. मुंबईच्या उपनगरात रेडी रेकनरचे दर त्या रकान्यात घातले, तर काय होईल हे सांगण्यास यंत्राची गरज नाही. जी प्रजाती शहापूर-मुरबाडकडेही सापडते, तिच्यासाठी यंत्र तिकडचेच स्वस्त चौकोन निवडील आणि घाटकोपर-विक्रोळीचे तिवर किंवा गोरेगावचा माळ सोडून देईल. गणिताच्या दृष्टीने त्यात चूक नाही. परंतु याचा अर्थ असा, की महाग जमिनीवरचा चौकोन निवडला जावयाचा असेल, तर त्याच्या बाजूने केवळ एकच साक्षीदार उभा राहू शकतो: तेथे जे आहे ते अन्यत्र नाही, असे सांगणारी नोंद. ही नोंद नसली, की निकाल ठरलेला. जेथे भूमीचे मोल सर्वाधिक, तेथेच अज्ञानाचे परिणामही सर्वाधिक होतात.

शिवाय ही किंमत निसर्गदत्त नव्हे. ज्या जमिनीवर बांधकामास मनाई आहे तिचा भाव एक असतो; आराखड्यात आरक्षण बदलले, चटईक्षेत्र वाढले, की तोच भाव कितीतरी पटींनी चढतो. म्हणजे धोरणाने ठरविलेली किंमत आधी यंत्रात घालावयाची आणि यंत्राच्या उत्तराचा दाखला देऊन तेच धोरण योग्य ठरवावयाचे, असे हे चक्र होऊ शकते. डोंगर नसता तर पूर आणि उष्मा यांवर महापालिकेला किती खर्च करावा लागला असता, विहार आणि तुळशी तलावांचे पाणलोट क्षेत्र राखले गेल्याने काय वाचले, या गोष्टी खर्चाच्या रकान्यात येत नाहीत. कारण त्यांची बाजारात खरेदीविक्री होत नाही.

चौकोनाच्या आकाराचाही असाच प्रश्न आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन धरून घाटाची प्रतवारी लावली. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ साली उपग्रहचित्रांतील २४ मीटरपर्यंतचा तपशील धरला. दोन्ही अहवालांच्या शिफारशींत पडलेले अंतर सर्वांना माहीत आहे. त्या अंतराला अनेक कारणे होती, परंतु मोजपट्टीचा भेद हेही त्यांतील एक होते. नऊ किलोमीटरचा चौकोन बोरिवलीवर ठेवला, तर त्यात उद्यानाचा बराचसा भाग आणि लाखो लोकांची वस्ती एकत्र येईल. तोच चौकोन फार लहान केला, तर बहुतेक चौकोन नोंदीविना कोरे राहतील आणि पुन्हा शून्य ठरतील. म्हणून चौकोन किती मोठा असावा, हा तांत्रिक तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

आरेचा धडा

नकाशातील चुकांचा अनुभव मुंबईकरांना नवा नाही. शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर त्यात इतक्या चुका निघाल्या, की एप्रिल २०१५ मध्ये तो बाजूला ठेवून नव्याने तयार करण्याचा आदेश शासनाला द्यावा लागला. रस्ते, देवळे, जुन्या वास्तू यांच्या चुका नागरिकांच्या ध्यानात आल्या, कारण त्या वास्तूंना दारे होती आणि दाराशी माणसे होती. विंचवाची आणि बेडकाची हरकत नोंदवून घेणारी खिडकी कोणत्याही प्रभाग कार्यालयात नसते.

मेट्रो-३ च्या कारशेडचा वाद या पार्श्वभूमीवर आठवावा. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री आरेत झाडे पडू लागली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली होती. २०२० साली कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ साली ती पुन्हा आरेत आली. २०२५ साली संपूर्ण मार्ग सुरू झाला, तोपर्यंत सुमारे २३ हजार कोटींचा मूळ अंदाज ३७ हजार कोटींच्या पुढे गेला होता. ही सारी वाढ या वादाने झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिला इतर कारणेही होती. पण आरे हे वन आहे की नाही, तेथे काय राहते, या प्रश्नांची उत्तरे प्रकल्पाची जागा निश्चित होण्यापूर्वी शोधली गेली असती, तर न्यायालयात एवढी वर्षे घालवावी लागली नसती, हे मान्य करावे लागेल.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. प्रत्येक कोऱ्या रकान्यापुढे ‘अज्ञात’ लिहीत बसलो, तर या शहरात एकही रस्ता होणार नाही. सकाळी आठच्या लोकलला लोंबकळणाऱ्या कारकुनाला मेट्रो हवी आहे. मुलुंडहून गोरेगावला जाण्यास दीड तास घालविणाऱ्या विद्यार्थ्याला जोडरस्ता हवा आहे. त्यांची ही गरज खोटी नाही, आणि तिची टिंगल करणाऱ्या निसर्गप्रेमाला लोकांचा पाठिंबा मिळणारही नाही. परंतु या आक्षेपाचे उत्तर ग्रेट बॅरिअर रीफच्याच उदाहरणात आहे. तेथेही प्रत्येक माशाची माहिती हाती नव्हती. म्हणून त्यांनी संपूर्ण क्षेत्राचे ७० प्रकारचे जैवप्रदेश कल्पिले आणि प्रत्येकाचा निदान पाचवा हिस्सा राखावयाचा असे ठरविले. अज्ञान मान्य करूनही निर्णय घेता येतो. अज्ञान लपवून घेतलेला निर्णय मात्र पुढे कोर्टात अडकतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. यंत्राने काढलेला नकाशा तेथे अखेरचा मानला गेला नाही. लोकांकडून ३१ हजारांहून अधिक निवेदने आली आणि त्यांनुसार रेषा सरकविण्यात आल्या.

हा प्रश्न जुन्या वादाचे पोस्टमॉर्टेम करण्यापुरता नाही. राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली या दोन्ही जोडबोगद्यांच्या कामांचा शुभारंभ जुलै २०२४ मध्ये झाला. बोगदा जमिनीखालून जातो, त्यामुळे वरच्या जंगलाला धक्का लागत नाही, हा युक्तिवाद पुष्कळ अंशी खरा आहे. पण चौकोनांचा नकाशा सपाट असतो. खडकातून झिरपणारे पाणी त्यात दिसत नाही. जमिनीखाली काय राहते, याविषयी जोगेश्वरीच्या विहिरीने जे शिकविले, ते विसरून चालणार नाही.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाहीत. पहिला म्हणजे तक्त्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘पाहिले नाही’ हा तिसरा शेरा सक्तीचा करणे. ‘नाही’ लिहावयाचे असेल, तर कोणी, केव्हा, किती तास आणि कोणत्या ऋतूत पाहिले, हे लिहिले पाहिजे. उन्हाळ्यात एक दिवस फिरून पावसाळी बेडूक नाहीत असे प्रमाणपत्र देता येऊ नये. दुसरा उपाय, यंत्रात घातलेले तिन्ही तक्ते, चौकोनाचा आकार आणि लक्ष्ये ही सर्व मराठीत प्रसिद्ध करणे. केवळ अखेरचा रंगीत नकाशा दाखवून हरकती मागविणे म्हणजे उत्तरपत्रिका न दाखविता गुण मान्य करावयास लावणे होय. तिसरा उपाय, सर्वेक्षण प्रकल्पाच्या आधी आणि प्रकल्प राबविणाऱ्याहून स्वतंत्र असणे.

यासाठी नवा कायदाही नको. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही एकदा छापून कपाटात ठेवण्याचा दस्तऐवज समजला जातो, ही खरी अडचण. ती वर्षानुवर्षे चालू राहावयाची असेल, तर तिला माणसे हवीत. आणि उपनगरांत ती आहेत. विरारपासून वांद्र्यापर्यंत आणि मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत महाविद्यालये पसरली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील काही चौकोन दत्तक घेऊन, ठरलेल्या पद्धतीने ठरलेल्या ऋतूंत त्यांची पाहणी केली, विद्यापीठाने त्या कामाला गुण दिले आणि पाड्यांवरील जाणत्या माणसांना मानधन देऊन बरोबर घेतले, तर थोड्या वर्षांत कोऱ्या रकान्यांची संख्या पुष्कळ घटेल. त्यात प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याबरोबरच नमुना-पाहणी शिकणारा संख्याशास्त्राचा आणि खर्चाचा रकाना तपासणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थीही असला पाहिजे.

यंत्राला दोष देणे सोपे आहे आणि यंत्रावर भार टाकणे त्याहून सोपे आहे. दोहोंतून आपली जबाबदारी टळत नाही. तक्ता भरणारा हात माणसाचाच असतो. जनगणनेच्या वेळी बंद दारासमोरून परत फिरलेला शिक्षक संध्याकाळी पुन्हा तोच जिना चढतो, कारण कुलपामागे कोणी असण्याची शक्यता त्याने धरलेली असते. बोरिवलीचा डोंगर, आरेचा माळ आणि जोगेश्वरीची विहीर यांच्या दाराशी एवढी एक फेरी अधिक मारावी, इतकीच अपेक्षा आहे.